जादा अक्षरं

आमच्याकडे रिसीव्हर सहा.
सहाही असे पळतात, की चेंडूलाच वाटावं
आपण जरा रेंगाळतोय.
आणि डाव्या बाजूला, क्वार्टरबॅकच्या पाठीशी,
जिथे भिंत असायला हवी,
तिथे गेले चार रविवार नुसता वारा उभा आहे.

मी व्हर्ना कोस्टेल्का. यंग्सटाउन, ओहायो.
स्टेडियमच्या तळघरात, बॉयलरशेजारी माझं शिलाई मशीन.
जर्सीवरची नावं मीच लावते, मीच उसवते.
हिला खेळातलं काय कळतं, असं वरच्या मजल्यावर म्हणतात.
मी फक्त धुवायला आलेल्या जर्सीवर
गवताचे डाग कुठे आहेत ते बघते.
विंडलचे सगळे पाठीवर. परवा मोजले, चौदा.
चेंडू फेकणाऱ्याच्या पाठीला
एवढं गवत लागावं कशाला?

तेव्हा सौद्याच्या विरुद्ध मी नाही.
साखरेचा डबा ओसंडतोय, मिठाची बरणी रिकामी,
तर वाटी घेऊन शेजारी जायला लाज कसली?
हॅल्वर्सनसाहेब हेच म्हणत होते जिन्यात.
कोच रुडीचं म्हणणं दुसरंच:
जादा म्हणजे काय हो?
नोव्हेंबरात दोन गुडघे गेले
की आजचा जादा उद्या पुरेनासा होतो.
दोघंही खरं बोलत होते.
पंचाईत तीच.

माझ्या वडिलांना पोलाद कारखान्याने एकदा जादा म्हटलं होतं.
सोमवारी सकाळी, फाटकावर, खडूने लिहून.
तो शब्द मी पुष्कळदा धुतलाय.

मंगळवारी फोन झाला. हाचर गेला.
सहावा नव्हे, चौथा.
समोरच्यालाही डोळे असतात;
नासका आंबा कुणी बदलून देत नाही.
खाली आला, हेल्मेट ठेवलं, उगाच बॉयलरला हात लावून बघितला.
म्हणाला, व्हर्ना, माझी दोन अंडी राहिलीत फ्रिजमध्ये,
घेऊन टाक.
मग म्हणाला, जर्सी नेऊ?
नियमात बसत नव्हतं.
घडी घालून दिली.

बदल्यात आला फालामातागा.
तीनशे वीस पौंड, दारातून तिरका होऊन आत येतो,
बोलतो मात्र कुणी झोपलंय घरात, अशा आवाजात.
आडनावात पाच ए.
माझ्या बिस्किटांच्या डब्यात
के बावीस, झेड अठरा, व्ही तर मोजलेच नाहीत
(या गावची आडनावंच तशी),
ए एकही नाही.
एक होता, तो हाचरच्या पाठीवर बसून गेला.

शनिवार, रात्रीचे अकरा. दुकानं बंद.
कुणाच्या पाठीवरून काढू?
मरानच्या? बालाझच्या?
जो उद्या बाकावरच बसणार आहे त्याच्या?
त्याची आई येते दर सामन्याला,
नाव वाचायला.
कात्री हातात घेऊन बसले बराच वेळ.
हॅल्वर्सनसाहेबांचा रागच येईना त्या रात्री.

मग एक व्ही उलटा धरला,
मधे पट्टीचा तुकडा आडवा शिवला.
लांबून ए.
जवळून, कुणीतरी जोडलेला ए.
असे पाच.

रविवारी विंडलच्या पाठीवर एकच डाग.
पण तिसऱ्या सत्रात त्याने
उजव्या कोपऱ्यात चेंडू टाकला, मान वर न करता,
जिथे हाचर असायचा तिथे.
चेंडू गवतावर दोनदा उसळला
आणि रेघेबाहेर जाऊन पडला.
विंडल त्या जागेकडे बघत राहिला,
आपण घरी चुकून एक ताट जास्त वाढतो ना, तसा.
जिंकलो तीन गुणांनी.
जिंकल्यावर असलं कुणी मोजत नाही.

सोमवारी फालामातागाची जर्सी आली.
डाग सगळे पुढून.
चौथा ए सुटत आला होता, दोरा ओवला.
हाचरची अंडी उकडली.
एक खाल्लं.
दुसरं अजून तिथेच आहे.